रूट ६६: रस्ता, काठावरची गावं आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत फिरायला येणारी मंडळी ग्रँड कॅन्यन आणि लास व्हेगस ठरवून झालं की हळूच विचारतात, "तो रूट ६६ वाटेत लागतो का?" लागतो, पण नकाशात शोधला तर सापडत नाही. त्यानंतर जे प्रश्न येतात ते इथे एकत्र केले आहेत. डांबरापेक्षा काठावरच्या गावांबद्दल इथे जास्त लिहिलं आहे, आणि ते मुद्दाम.

रूट ६६ म्हणजे नक्की काय?

शिकागोहून निघून लॉस एंजेलिसच्या शेजारच्या सँटा मोनिकापर्यंत जाणारा जुना महामार्ग. लांबी साधारण २,४४८ मैल, म्हणजे ३,९०० किलोमीटरच्या वर. वाटेत इलिनॉय, मिसुरी, कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सस, न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया ही आठ राज्यं. कॅन्ससच्या वाट्याला जेमतेम १३ मैल आले, पण त्या राज्याने त्यांचाही पुरेपूर लाभ घेतला आहे. देशभरातल्या रस्त्यांना क्रमांक देण्याची योजना ११ नोव्हेंबर १९२६ रोजी मंजूर झाली, त्यात ६६ जन्माला आला. २७ जून १९८५ रोजी त्याचं नाव सरकारी यादीतून काढून टाकलं.

म्हणजे आज तो अस्तित्वातच नाही?

कागदावर नाही. जमिनीवर बराचसा आहे. कुठे तो गावाचा मुख्य बाजाररस्ता झाला आहे, कुठे नव्या महामार्गाला समांतर जाणारा सेवारस्ता, कुठे जिल्हामार्ग. काही ठिकाणी तो नव्या रस्त्याखाली गाडला गेला आणि काही ठिकाणी कुंपणापलीकडे गवतात संपतो. शिवाय तो कधीच एका जागी नव्हता. दर काही वर्षांनी आखणी बदलत गेली, त्यामुळे एकाच गावात १९२६ चा ६६, १९३० च्या दशकातला ६६ आणि चौपदरी झालेला ६६ असे तीन रस्ते भेटतात. अल्बुकर्की शहरात तर १९३७ च्या आधीचा आणि नंतरचा रस्ता एकमेकांना एका चौकात काटकोनात छेदतात. रूट ६६ चा कोपरा रूट ६६ शी!

६६ हाच आकडा का?

खरं तर मागितला होता ६०. क्रमांक ठरवणाऱ्या समितीत ओक्लाहोमातल्या टल्सा शहराचा सायरस एव्हरी होता. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांना शून्याने संपणारे आकडे द्यायचे असा नियम होता, आणि एव्हरीने शिकागो-लॉस एंजेलिस मार्गासाठी ६० राखून ठेवला. केंटकीचे गव्हर्नर विल्यम फील्ड्स यांच्या लक्षात आलं की आपल्या राज्यातून असा एकही मानाचा आकडा जात नाही. त्यांनी वॉशिंग्टनपर्यंत आरडाओरडा केला. तारांची देवाणघेवाण, रुसवेफुगवे असं सगळं होऊन ३० एप्रिल १९२६ रोजी मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डहून तार गेली की ६० तुम्हीच घ्या, आम्हाला ६६ चालेल. त्या तारेच्या जोरावर स्प्रिंगफील्ड आजही स्वतःला रूट ६६ चं जन्मगाव म्हणवून घेतं. (इलिनॉयमधलं स्प्रिंगफील्डही याच रस्त्यावर आहे. हॉटेलचं बुकिंग करताना राज्य तपासा.)

सरळ पश्चिमेला न जाता रस्ता असा खाली झुकत का जातो?

पहिलं कारण एव्हरी. त्याला रस्ता टल्सातून न्यायचा होता, आणि गावाबाहेर त्याचा स्वतःचा पेट्रोल पंप आणि खानावळ होती. सार्वजनिक हित आणि स्वहित इतक्या गोडीने क्वचितच नांदतात. दुसरं कारण भूगोल. दक्षिणेकडून गेलं की रॉकी पर्वताचा सर्वांत उंच भाग टळतो आणि बर्फही कमी लागतं.

तिसरं म्हणजे वाट आधीच पडलेली होती. न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनातून १८५७ मध्ये एडवर्ड बील याने सरकारसाठी बैलगाड्यांची वाट आखली, तीही चक्क उंटांचा तांडा घेऊन. अमेरिकेच्या लष्कराला तेव्हा उंटांचा प्रयोग करून पाहायचा होता. पुढे त्याच पट्ट्यातून रेल्वे गेली, रेल्वेच्या कडेने मोटाररस्ता गेला, आणि आता इंटरस्टेट ४० (राज्याराज्यांना जोडणारा नवा द्रुतगती महामार्ग) जातो. मोहावी वाळवंटात वाफेच्या इंजिनांना पाणी भरायला जी ठाणी केली त्यांची नावं रेल्वेने इंग्रजी बाराखडीच्या क्रमाने ठेवली. ॲम्बॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅन्बी, एसेक्स, फेनर, गॉफ्स. आज त्यातल्या बहुतेकांत वस्ती नावालाच आहे, पण क्रम शाबूत आहे.

या रस्त्याची जाहिरात माणसं पळवून केली, हे खरं का?

खरं. रस्त्याला ६६ नंबर मिळाला तेव्हा बराचसा भाग कच्चाच होता. काठावरच्या गावांतल्या व्यापाऱ्यांनी १९२७ मध्ये संघटना काढली, आणि १९२८ मध्ये सी. सी. पाइल नावाच्या आयोजकाने लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क अशी धावण्याची शर्यत जाहीर केली. शिकागोपर्यंतचा मोठा टप्पा ६६ वरून. सुमारे २०० जण निघाले, ५५ पोहोचले. पायाच्या अंगठ्याला येणाऱ्या गाठीला इंग्रजीत बनियन म्हणतात, त्यावरून लोकांनी शर्यतीचं नाव 'बनियन डर्बी' पाडलं. जिंकला अँडी पेन, ओक्लाहोमातल्या फॉइल या रस्त्यावरच्याच गावाजवळचा, चेरोकी या मूळ रहिवासी जमातीचा तरुण. २५,००० डॉलरच्या बक्षिसातून त्याने घरच्या शेतावरचं कर्ज फेडलं. फॉइलमध्ये त्याचा पुतळा आहे, धावत्या पवित्र्यातला. बहुतेक गाड्या तो न बघताच पुढे जातात.

'मदर रोड' हे नाव कुठून आलं?

जॉन स्टाइनबेक यांच्या १९३९ च्या कादंबरीतून. १९३० च्या दशकात मंदी आणि दुष्काळ एकदम आले. ओक्लाहोमा, टेक्सस, कॅन्सस भागातली नांगरून भुसभुशीत झालेली जमीन वाऱ्याने अक्षरशः उडून गेली. काळ्या धुळीच्या भिंती गावांवर चालून यायच्या. कुळांना जमिनीवरून काढलं गेलं, आणि गाद्या, भांडी, पोरंबाळं मोडक्या गाडीवर लादून हजारो कुटुंबं ६६ ने कॅलिफोर्नियाला निघाली.

तिथे त्यांचं स्वागत झालं असं समजू नका. १९३६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने आपले १३६ शिपाई थेट राज्याच्या सीमेवर पाठवले. खिशात पैसे नसतील त्याला परत धाडायचं! स्वतःच्याच देशात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या नागरिकांना एका शहराचे पोलीस अडवत होते. टीका झाली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि काही आठवड्यांत नाकाबंदी उठली.

याच दशकात रस्ता पक्का झाला. बेरोजगारांना काम द्यायचं म्हणून सरकारने रस्त्याची कामं काढली आणि १९३८ पर्यंत पूर्ण ६६ फरसबंद झाला. जाणाऱ्यांचे हाल होत होते, पण त्यांच्या येण्याजाण्यावर काठावरच्या पंप-खानावळींच्या चुली पेटत होत्या, हेही तितकंच खरं.

त्या काठावरच्या माणसांत ओक्लाहोमातल्या हायड्रो गावाजवळची लुसिल हॅमन्स मला सर्वांत जवळची वाटते. १९४१ पासून २००० मध्ये वारेपर्यंत ती पेट्रोल पंप चालवत होती. पैसे संपलेला प्रवासी आला की त्याच्याकडची एखादी वस्तू विकत घ्यायची, टाकी भरून द्यायची, आणि गाडीच राम म्हणाली असेल तर ती ठेवून घेऊन बसच्या तिकिटाची सोय करायची. पंपाची इमारत अजून उभी आहे, वर राहायची खोली आणि खाली दोन खांब.

हा रस्ता सगळ्यांसाठी सारखाच मोकळा होता का?

नव्हता, आणि हे रंगीत माहितीपत्रकांत शोधून सापडणार नाही. ६६ ज्या जिल्ह्यांतून जायचा त्यांतल्या जवळपास निम्म्या जिल्ह्यांत कृष्णवर्णीयांनी सूर्यास्तानंतर थांबायचं नाही असा लेखी किंवा अलिखित दंडक होता. मोटेलमध्ये खोली नाही, हॉटेलात ताट नाही, काही पंपांवर शौचालयही नाही. म्हणून डिकीत जेवणाचे डबे, पाण्याचे कॅन, जास्तीचं पेट्रोल घेऊन ही कुटुंबं निघायची आणि रात्रभर गाडी हाकायची. न्यूयॉर्कच्या हार्लेममधला टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन याने १९३६ पासून 'ग्रीन बुक' ही पुस्तिका काढायला सुरुवात केली. कुठल्या गावात कुठल्या घरी, खानावळीत, न्हाव्याकडे आपल्याला दारात उभं करतील, त्याची ती यादी. ती तीस वर्षं निघत होती.

ओक्लाहोमातल्या ल्यूथरजवळ थ्रेट कुटुंबाचा दगडी पेट्रोल पंप आहे. कृष्णवर्णीय कुटुंबाच्या मालकीचा. शेत त्यांचं, बांधकामाचा दगड त्यांच्याच खाणीतला. त्या परिसरात निर्धास्त थांबता येईल अशी ती जागा होती. टल्सातून जात असाल तर ग्रीनवुड भागातही एक दुपार द्या. १९२१ मध्ये गोऱ्या जमावाने तो सुबत्तेचा कृष्णवर्णीय मोहल्ला जाळला, माणसं मारली. रस्त्याला नंबर मिळायच्या पाच वर्षं आधीची ही गोष्ट. तिच्याबद्दल शहर पुढे कित्येक दशकं गप्प होतं.

आणि मूळ रहिवासी?

रस्त्याचा मोठा भाग त्यांच्या भूमीतून जातो. ओक्लाहोमात चेरोकी व इतर राष्ट्रं, न्यू मेक्सिकोत लगुना आणि ॲकोमा पुएब्लो (मूळ रहिवाशांची जुनी गावं), पुढे नव्हाहो. पर्यटकांच्या गर्दीने त्यांना बाजार मिळाला. गॅलप हे गाव चांदीच्या आणि पिरोज्याच्या दागिन्यांचं केंद्र आहे, आणि घ्यायचेच असतील तर कारागिराकडून किंवा जुन्या पेढीतून घ्या, रस्त्याकडेला मिळणारा माल पुष्कळदा बाहेरून आलेला असतो.

पण त्याच गर्दीने त्यांचं सोंगही केलं. ॲरिझोनातल्या हॉलब्रुकचं १९५० चं विगवॉम मोटेल बघा. काँक्रीटचे शंकूच्या आकाराचे तंबू, प्रत्येकात एक खोली, बाहेर जुनी मोटार. दिसतं गोड. मात्र असे तंबू दूर उत्तरेकडच्या गवताळ मैदानांवरच्या लोकांचे. हॉलब्रुकच्या आसपासचे नव्हाहो लाकूड-मातीच्या होगानमध्ये राहत आणि पुएब्लोंची तर मातीच्या विटांची मजली घरं. मालकाला हे ठाऊक नसेल असं नाही. गिऱ्हाइकाला हवं ते त्याने बांधलं. तरीही मी म्हणेन की तिथे एक रात्र राहा. सकाळी लगुनातलं १६९९ चं पांढरं चर्च आणि त्याभोवतीचं मातीचं गाव आठवून बघा, म्हणजे दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बसतील. (लगुना हॉलब्रुकच्या पूर्वेला, म्हणजे शिकागोहून येताना आधीच लागतं. तिथे फोटो काढण्यापूर्वी परवानगी विचारायची पद्धत आहे.)

रस्ता मेला कशाने?

१९५६ च्या महामार्ग कायद्याने. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी युद्धात जर्मनीचे रुंद रस्ते पाहिले होते. अमेरिकेत तसं जाळं बांधायचं ठरलं. ६६ ची जागा एका नव्हे, पाच इंटरस्टेट महामार्गांनी मिळून घेतली. ५५, ४४, ४०, १५ आणि १०. काम तुकड्यातुकड्यांनी चाललं, म्हणून मरणही तुकड्यातुकड्यांनी आलं. ज्या दिवशी बायपास सुरू होई त्या दिवशी दुपारपर्यंत गावाला कळून चुके.

टेक्सस आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवरचं ग्लेनरिओ असंच रिकामं झालं. पंप आहेत, मोटेलची पाटी आहे, माणूस जवळपास नाही. मोहावीतल्या ॲम्बॉयला १९७० च्या दशकात बायपास मिळाला आणि 'रॉइज' या मोटेल-खानावळीची प्रचंड पाटी विझली. (२०१९ मध्ये तिचे दिवे पुन्हा लागले.) ॲरिझोनातलं विल्यम्स सगळ्यांत शेवटी वगळलं गेलं, १३ ऑक्टोबर १९८४ रोजी. गावाने न्यायालयात जाऊन शेवटपर्यंत टोलवाटोलवी केली होती आणि त्यातून नव्या महामार्गावरून गावात उतरण्याचे फाटे मिळवले. शहाणपणाची गोष्ट. फाटा आहे तर गाव आहे.

मग वाचवला कोणी?

एका न्हाव्याने, असं म्हटलं तर फारसं चूक होणार नाही. ॲरिझोनातलं सेलिगमन हे रेल्वेचं छोटं गाव. एंजल डेलगाडिलो यांचा जन्म १९२७ चा, ६६ च्याच कडेला. वडिलांसारखीच हातात कात्री-वस्तरा घेतला. २२ सप्टेंबर १९७८ रोजी इंटरस्टेट ४० चा बायपास सुरू झाला आणि रस्ता ओलांडायला ज्या गावात थांबून राहावं लागायचं, तिथे भर रस्त्यात कुत्री झोपू लागली.

आठ वर्षांहून जास्त काळ ते आणि गाव वाट बघत राहिले. मग फेब्रुवारी १९८७ मध्ये त्यांनी आसपासच्या दुकानदारांना जमवून संघटना काढली आणि ॲरिझोना सरकारच्या मागे लागले. मागणी साधी होती. रस्ता ऐतिहासिक म्हणून जाहीर करा आणि पाट्या लावा. पैसा मागितला नाही, म्हणूनच कदाचित मिळालं. त्याच वर्षअखेरीस सेलिगमन ते किंगमन हा भाग ऐतिहासिक ठरला. मग इतर राज्यांतही अशा संघटना निघाल्या, १९९९ मध्ये अमेरिकी संसदेने जतनासाठी कायदा केला आणि राष्ट्रीय उद्यान सेवेकडे त्याचं काम आलं. ज्या खात्यांनी रस्ता पुसला, त्याच सरकारला तो परत लिहायला लावणारी माणसं ही अशी, खुर्चीमागे उभी राहून दिवसभर गप्पा ऐकणारी.

त्यांचे भाऊ हुआन यांनी १९५३ मध्ये शेजारी 'स्नो कॅप' हे खाण्याचं दुकान बांधलं, रेल्वेच्या भंगारातल्या लाकडांतून. दाराला दोन मुठी, त्यातली एक खोटी. मोहरीची बाटली दाबली की पिवळी दोरी अंगावर उडते. मेन्यूवर 'मेलेली कोंबडी' असं लिहिलेलं. हुआन गेले, पुढची पिढी तेच विनोद त्याच गांभीर्याने करते.

इतर ठिकाणीही लोकांनीच जतन केलं का?

बहुतेक ठिकाणी हो. ओक्लाहोमातल्या आर्केडियाचं १८९८ चं गोल कोठार, त्याचं छप्पर १९८८ मध्ये कोसळलं. निवृत्त मंडळींनी एकत्र येऊन ते पुन्हा उभं केलं. कटूसाचा निळा देवमासा ह्यू डेव्हिस याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून बायकोसाठी तळ्यात बांधला. तिला देवमाशांच्या मूर्ती जमवायचा नाद होता. पुढे गावची पोरं त्यावरून पाण्यात उड्या मारू लागली. तो बंद पडल्यावर गावकऱ्यांनीच त्याला पुन्हा रंगवला.

इलिनॉयमधल्या विल्मिंग्टनचा 'जेमिनाय जायंट' हा हिरव्या पोशाखातला, हातात रॉकेट धरलेला फायबरचा अंतराळवीर २०२४ मध्ये लिलावात निघाला. तो दूर कुठे जाऊ नये म्हणून जवळच्याच जोलिएटच्या संग्रहालयाने तो घेतला आणि विल्मिंग्टनच्याच बागेत पुन्हा उभा केला.

आणि ओडेल नावाचं चिमुकलं गाव. १९३० च्या दशकात तिथे वाहतूक एवढी वाढली की मुलांना शाळेत आणि चर्चमध्ये जायला रस्त्याखालून भुयार खणावं लागलं. नंतर ते बुजवलं. तोंडाशी खूण ठेवली आहे. मला कुठल्याही अवाढव्य पुतळ्यापेक्षा ती जास्त बोलकी वाटते.

वेळ कमी आहे. चुकवू नये असं काय?

सगळा रस्ता जमणार नसेल तर दोन तुकडे घ्या. पहिला ओक्लाहोमातला. तिथे जुना रस्ता सर्वांत सलग मिळतो. मायामी ते ॲफ्टन गावांदरम्यान केवळ नऊ फूट रुंदीचा १९२२ चा रस्ता आहे, समोरून गाडी आली की दोघांनीही एक चाक मातीत घालायचं. क्लिंटनचं संग्रहालय नीट केलेलं आहे. पुढे टेक्ससमध्ये शॅमरॉकचं १९३६ चं 'यू ड्रॉप इन' हे जुनं पंप-उपाहारगृह, निऑनच्या कडा असलेलं हिरवट मनोऱ्याचं, संध्याकाळी बघा.

दुसरा तुकडा सेलिगमन ते ओटमन. सिटग्रीव्ह्ज खिंडीचा घाट इतका तीव्र की जुन्या गाड्या तो उलट्या चढवत. टाकीतलं पेट्रोल उतारानेच इंजिनात यायचं आणि रिव्हर्स गिअर जोर धरायचा. ओटमनमध्ये सोन्याच्या खाणी बंद पडल्यावर कामगारांनी सोडून दिलेल्या गाढवांचे वंशज रस्त्यावर मोकाट फिरतात आणि गाडीच्या खिडकीत तोंड घालतात.

सेंट लुइसजवळ मिसिसिपीवरचा १९२९ चा चेन ऑफ रॉक्स पूल पायी ओलांडा. नदीच्या मधोमध पूल चक्क वळतो. टुकमकॅरीचं १९३९ चं 'ब्लू स्वॅलो' मोटेल निऑनसाठी. खोलीपाशीच गाडीची कोठडी, बाहेर खुर्ची. आणि अमॅरिलोजवळ दहा कॅडिलॅक गाड्या नाकावर पुरून ठेवलेल्या आहेत, १९७४ ची कलाकृती. त्यांवर रंग फवारायला कोणी अडवत नाही, पण रिकामे डबे तिथेच टाकून येऊ नका.

या रस्त्याचा आपल्याशी काही संबंध?

अगदी पहिल्या पावलालाच आहे. शिकागोत ६६ सुरू झाल्याची तपकिरी पाटी मिशिगन ॲव्हेन्यूजवळ ॲडम्स रस्त्यावर आहे. समोर आर्ट इन्स्टिट्यूट. याच इमारतीत ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंद सर्वधर्म परिषदेत बोलले. मुंबईचे चित्रकार जितिश कल्लाट यांनी २०१० मध्ये त्या भाषणाचे शब्द इथल्या मुख्य जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांनी उजळले होते. शेजारच्या रस्त्याला विवेकानंदांचं मानद नावही आहे. रूट ६६ ची पाटी शोधत माना वर करणाऱ्या आपल्या मंडळींना ही दुसरी पाटी बहुधा दिसत नाही.

पुढचा संबंध गुजराती. इंटरस्टेटने धंदा नेल्यावर जुने मालक मोटेलं मिळेल त्या भावात विकू लागले. ती पटेल कुटुंबांनी घेतली. मागच्या खोलीत राहायचं, बायका-मुलांसकट राबायचं, नोकर ठेवायचा नाही, हे गणित. त्यावर काही गोऱ्या मालकांनी 'अमेरिकन मालकीचं' अशा पाट्या लावल्या. त्याचा डंख किती खोल असेल हे सांगायला नको. सॅन बर्नार्डिनोजवळचं विगवॉम मोटेल या शतकाच्या सुरुवातीला डबघाईला आलं होतं. ते नीट केलं तेही एका पटेल कुटुंबानेच. मराठी मालक मात्र माझ्या पाहण्यात नाही. आपण नोकरी करून सुट्टीत त्यांच्याकडे उतरतो.

शाकाहारी माणसाचं कसं होतं?

टेक्ससमध्ये थोडं अवघड. न्यू मेक्सिकोत चंगळ. तिथल्या हिरव्या मिरचीला आपल्या जिभेला पटेल अशी धार असते. राजम्यासारखं पिंटो घेवड्याचं कालवण आणि चीज भरलेली मोठी मिरची सगळीकडे मिळते, फक्त चरबी घातली आहे का ते विचारून घ्या. टेक्ससमधलं एड्रियन हे रस्त्याचा मध्यबिंदू असलेलं गाव. तिथला पाय, म्हणजे गोड सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ, प्रसिद्ध आहे. आणि इंटरस्टेट ४० वर आता पंजाबी ट्रकचालकांसाठी ढाबे निघाले आहेत, ओक्लाहोमात सेअरसारख्या ठिकाणी. गरम पराठा आणि चहा. शुद्ध रूट ६६ वाल्यांना हे खपत नाही. मला खपतं. ६६ वर खाणावळी नेहमी तिथून जाणाऱ्यांच्याच भुकेसाठी निघाल्या.

किती दिवस, कधी, आणि वाट कशी सापडते?

दोन आठवडे हवेत. दहा दिवसांत होतं, पण मग नुसतं गाडी चालवणंच होतं. मे, सप्टेंबर, ऑक्टोबर बरे. जुलै-ऑगस्टात मोहावीत पारा सहज ४० च्या पुढे जातो. हिवाळ्यात फ्लॅगस्टाफला बर्फ असतं, ते गाव २,१०० मीटरवर आहे.

फोनमधल्या नकाशावर शेवटचं ठिकाण टाकलंत तर तो तुम्हाला निमूटपणे इंटरस्टेटवर घालेल. गाव ते गाव असं टाकत जा, आणि राज्याराज्यांच्या संघटनांचे कागदी नकाशे घ्या. पाट्या चोरीला जातात म्हणून बऱ्याच ठिकाणी ६६ चं ढालीच्या आकाराचं चिन्ह थेट रस्त्यावरच रंगवलं आहे. मोहावीतले जुने लाकडी पूल पुराने खचतात आणि ॲम्बॉयजवळचे टप्पे अधूनमधून बंद असतात, निघण्यापूर्वी चौकशी करा. भाड्याची गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्यात सोडायचं शुल्क घसघशीत असतं. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नव्हाहो भूमीत मात्र करतात. दुपारच्या जेवणाची वेळ त्यात हमखास चुकते.

२०२६ मध्ये जाणं चांगलं की टाळावं?

शंभरावं वर्ष आहे, त्यामुळे गावागावांत कार्यक्रम, जुन्या गाड्यांचे मेळे आणि भरलेली मोटेलं. गर्दी आवडत असेल तर जरूर. नाहीतर २०२७ मध्ये जा, तेव्हा गावांना गिऱ्हाइकाची गरजही जास्त असेल.

शेवट नक्की कुठे? सँटा मोनिकाच्या धक्क्यावर ना?

धक्क्यावर 'एंड ऑफ द ट्रेल' अशी पाटी आहे, तिथे रांगेत उभं राहून फोटो काढतात. ती पाटी २००९ मधली. महामार्ग म्हणून ६६ समुद्रापर्यंत कधी गेलाच नाही. १९३६ पासून तो लिंकन आणि ऑलिम्पिक या दोन रस्त्यांच्या चौकात संपायचा, तिथून धक्का साधारण दीड किलोमीटर. त्या चौकात बघण्यासारखं काही नाही, सिग्नल आणि वाहनं. दोन्हीकडे जा. धक्क्याजवळच्या पार्किंगचे दर बघता गाडी आधीच कुठेतरी लावून पुढे चालत गेलेलं बरं.